घोडी क्रमांक ४४१७

या तळघरात बारा महिने सोळा अंश.
बाहेर सरोवर गोठतं, वितळतं,
आम्ही स्वेटर काढत नाही.
एका भिंतीला माणसं,
समोरच्या भिंतीला घोडे.

माणसांच्या फायली बारीक:
भरतीचा कागद, आणि मग आणखी एखादा.
घोड्यांची कार्डं मात्र भरगच्च.
रंग, उंची, दात, कपाळावरचा चांद,
कुठला पाय पांढरा, किंमत किती मार्क.
शेतावरून नेलेला घोडा परत द्यायचा होता सरकारला.
माणसाचं तसं लेखी काही नव्हतं.

मंगळवारी ओइवा तुर्पेइनेन आले.
वय त्रेसष्ट, बुटांना बर्फ.
अर्जात ‘संशोधनाचा विषय’ या रकान्यात लिहिलं:
वडील.

वडील एका ओळीत संपले.
बेपत्ता, फेब्रुवारी.
तीही ओळ तिरकी,
कुणी गुडघ्यावर कागद धरून लिहिल्यासारखी.
ती त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला,
आणि रुमालाची गाठ सोडून
पत्र्याचा एक बिल्ला टेबलावर ठेवला.
‘आमची विर्मा. वडिलांबरोबर गेली,
एकटीच आली. मोरकीला हा होता.’

मी ट्रॉली ढकलत गेले.
तिचं एक चाक कुरकुरतं,
सगळ्या वाचनकक्षाला कळतं
की कुणाचं तरी काहीतरी येतंय.

विर्मा सापडली. क्रमांक २०९३.
लाखी रंग. चांद नाही.
शेवटच्या रकान्यात: तोफगोळ्याची कपची, जागीच.
तारीख वडिलांच्या आदल्या दिवसाची.

बिल्ल्यावरचा आकडा वेगळाच.
४४१७ म्हणजे तॅह्ती,
आमच्या भाषेत चांदणी.
मालकीण मार्त्ता होत्तिनेन, विधवा,
गाव तहात सीमेपलीकडे गेलेलं.
खाली पेन्सिलीनं, कुणा कारकुनाच्या घाईच्या अक्षरात:
मालकिणीचा ठावठिकाणा नाही.
घोडी तुर्पेइनेन यांना द्यावी.
बाईंना कल्पना दिली आहे.
आणि बाईंची सही,
शेवटच्या अक्षराची शेपटी
कार्डाच्या कडेबाहेर गेलेली.

ओइवांनी त्या शेपटीवर बोट ठेवलं.
कागदाला हात लावू नये असा नियम आहे.
मी खिडकीकडे बघितलं.

‘हाक मारली तर कान हलवायची नाही,’ ते म्हणाले.
‘अकरा वर्षं. मी विर्मा, विर्मा ओरडत
कुंपणापर्यंत पळायचो, ही आपली गवतात.
आई म्हणायची, तोफांनी कान गेलेत तिचे,
जवळ जा, हात लाव.
कपाळावरचं पांढरं कुठून आलं विचारलं,
तर म्हणाली, तिकडे थंडी फार होती.
शाळेत मी सांगत फिरायचो,
आमची घोडी युद्धात बहिरी झाली.
पोरं रांग लावून तिच्या कानात ओरडायची.
ती उभी राहायची. कधी लाथ मारली नाही.’

मग हसले. मग हसणं पुरं झालं नाही.

‘नांगर मात्र सरळ ओढायची हो.’

वाचनकक्षात शाई चालत नाही.
मी माझी पेन्सिल दिली.
मार्त्ता होत्तिनेन, आणि त्या गावाचं नाव
त्यांनी शाळकरी अक्षरात उतरवून घेतलं.
‘हिची मुलं असतील का कुठे?’
निर्वासितांच्या याद्या दुसऱ्या शहरात असतात,
दुसऱ्या इमारतीत. मी पत्ता दिला,
आणि शनिवारी ती बंद असते हेही सांगितलं.

दाराशी टोपी घालताना
ते एकदाच, हळू, म्हणाले: तॅह्ती.
मला उद्देशून नव्हे.

पाच वाजले.
मी कार्ड परत खोक्यात लावलं,
४४१६ च्या मागे:
नर, काळा, वय नऊ,
चावतो, सांभाळून.